थॅनोस, चिलया आणि नववीचा वर्ग : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

लातूर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावातली ही अनुदानित माध्यमिक शाळा. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. मी त्या काळात गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात, साधनव्यक्ती होतो. नववीच्या मराठीच्या तासाला अनेकदा मागच्या बाकावर बसलेलो असायचो.

वर्ग मिश्र होता. गावातली मुलं, आसपासच्या वाड्यांवरून एसटीनं येणारी, तांड्यावरची, आणि दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेले की त्यांच्यासोबत फडावर जाणारीही काही. वारकरी घरातली होती, बौद्ध होती, मुस्लिम होती, बंजारा होती. पुढे जे घडलं त्यात या मिश्रणाचा मोठा वाटा आहे, म्हणून ते आधीच सांगतो.

मराठीच्या मॅडमची अडचण साधी होती. संतांचे अभंग शिकवताना अजामिळ, गजेंद्र, ध्रुव, प्रल्हाद ही नावं एकापाठोपाठ येतात. तुकोबा किंवा नामदेव एका शब्दात एक अख्खी गोष्ट आठवून देतात आणि पुढे जातात, कारण ऐकणाऱ्याला ती माहीत आहे हे त्यांनी धरलेलं असतं. या वर्गाला ती माहीत नव्हती. मुलांच्या आजोबांच्या पिढीनं श्रावणात ओसरीवर पांडवप्रताप, हरिविजय ऐकलेला असायचा. मुलांच्या पिढीनं हिंदीत डब केलेले सुपरहिरोंचे सिनेमे पाहिलेत, तेही बहुतेक घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवर. पण त्या सिनेमांचं ज्ञान मात्र थक्क करणारं होतं. त्यातल्या सहा जादुई मण्यांपैकी कुठला कोणाकडे होता, कुठल्या सिनेमानंतर कुठला येतो, कोण मेलं आणि कोण परत आलं, सगळं तोंडपाठ. ध्रुवाची गोष्ट दोन वाक्यांत संपवणारा मुलगा थॉरची गोष्ट मधली सुट्टी संपेपर्यंत सांगू शकत होता.

मॅडमनी ठरवलं की आठवड्यातला एक तास या सिनेमांचा हात धरून पुराणकथांकडे जायचं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. गणपती उठल्यानंतर सुरुवात झाली.

अडचण

पहिले काही तास फार छान गेले, आणि तिथंच घोळ होता. मॅडम प्रोजेक्टरवर तीन-चार मिनिटांचा एखादा प्रसंग दाखवायच्या, मग फळ्यावर दोन रकाने आखायच्या. डावीकडे सिनेमातलं पात्र, उजवीकडे पुराणातलं. थॉर म्हणजे इंद्र, हातोडा म्हणजे वज्र. हल्क म्हणजे भीम. आयर्न मॅन म्हणजे कवचकुंडलांचा कर्ण. मुलं हात वर करकरून जोड्या सुचवायची. जोडी जमली की तास संपला, पुढे विचारण्यासारखं काही उरत नसे.

घटक चाचणीत याचा परिणाम दिसला. प्रश्न होता : मारुतीला शक्ती कशी मिळाली? बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, ‘सूर्य गिळल्यामुळे सूर्याची शक्ती त्याच्या अंगात आली.’ मला हे उत्तर त्या वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुलांनी आळशीपणा केला नव्हता, सिनेमाचा साचा त्यांनी इमानदारीनं मारुतीला लावला होता. स्पायडरमॅन आणि हल्क हे दोघेही १९६२ साली अमेरिकेतल्या चित्रकथांमधून आले. अणुयुगातली ती माणसं. एकाला किरणोत्सर्गी कोळी चावतो, दुसऱ्यावर गॅमा किरण पडतात. अपघात होतो, शरीर बदलतं, शक्ती येते. मारुतीची गोष्ट अशी चालत नाही. बाळ मारुती सूर्याला फळ समजून झेपावतो, इंद्र वज्र मारतो, लेकराला लागलं म्हणून वायू रुसतो, जगाचा श्वास कोंडतो, आणि मग वायूची समजूत काढायला एकेक देव येऊन मारुतीला वर देतो. पुढे आश्रमात खोड्या काढल्या म्हणून ऋषी शाप देतात : कोणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझं बळ कळणार नाही. ते बळ परत येतं ते थेट समुद्रकाठी, जांबवंतानं आठवण दिल्यावर. या गोष्टीत एक रागावलेला बाप आहे, कबूल केलेली चूक आहे, शाप आहे आणि एक म्हातारा अस्वल आहे. मुलांच्या उत्तरात यातलं काहीच उरलं नव्हतं.

दुसरा गोंधळ उलट्या बाजूचा. मुलं सिनेमातला थॉर म्हणजेच उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधला थॉर असं धरून चालली होती. त्या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः आइसलँडमध्ये तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन यानं लिहून ठेवल्या म्हणून. तिथं लोकी थॉरचा भाऊ नाही, त्याचं रक्ताचं भाऊपण थॉरच्या बापाशी, ओडिनशी आहे. मेलेल्यांच्या जगाची राणी हेल ही सिनेमातल्यासारखी ओडिनची नव्हे, लोकीची मुलगी.

तिसरी गोष्ट मागच्या बाकावरून फार स्पष्ट दिसत होती. बोलत होते ते मुलगे. घरातला मोबाइल रात्री मुलाच्या हातात असतो, मुलीच्या हातात भाकरी. सिनेमा पाहिलेलाच नाही तर मुलगी त्यावर काय बोलणार? पुराणकथा सोप्या करण्याच्या नादात अर्धा वर्ग बाहेर राहिला होता.

समोरचे पर्याय

चाचणीचे पेपर तपासून झाल्यावर मॅडम, मुख्याध्यापक आणि मी बसलो. मुख्याध्यापकांचं म्हणणं, प्रयोग थांबवावा, पुस्तकातले संदर्भ सांगून मोकळं व्हावं. यात धोका नव्हता, पण मग मूळ अडचण होती तिथंच राहिली असती. एक सूचना अशी आली की अख्खे सिनेमे दाखवावेत, म्हणजे मुलींनाही कळेल. अडीच-तीन तासांचा एक सिनेमा म्हणजे चार-पाच तासिका, अभ्यासक्रम कोण पुरा करणार? शिवाय यातले बरेच सिनेमे यूए प्रमाणपत्राचे, पालकांना विचारल्याशिवाय वर्गात लावणं बरं नव्हे. तुकडे दाखवत राहायचं आणि प्रश्न सुधारायचे, हा मधला मार्ग मॅडमना पटला. मलाही तेव्हा तोच योग्य वाटला.

प्रत्यक्षात निर्णय लाइटनं घेतला.

पहिलं वळण : प्रोजेक्टर बंद

२०१९ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ या गाजलेल्या सिनेमातला प्रसंग चालू होता. कॅप्टन अमेरिका थॉरचा हातोडा उचलतो तो. ऐन हातोडा हलायच्या क्षणी लाइट गेली. इन्व्हर्टर फक्त ऑफिसला. वर्ग हळहळला, आणि एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, मी सांगतो की.’ त्यानं सांगितलं, हातवारे करून, आवाज काढून, मध्ये थांबून. लगेच दुसरा उठला : ‘खोटं सांगायलाय. त्यानं आधीच्या पिक्चरमधी पण हलवला होता. पार्टीत. जरासा.’ पहिला म्हणाला, तेव्हा त्याला उचलता आलाच नाही. दुसरा म्हणाला, येत होता, पण थॉरला वाईट वाटू नये म्हणून त्यानं सोडून दिला. वर्गात दोन तट पडले.

मॅडमनी भांडण मिटवलं नाही. त्यांनी विचारलं, ‘एकच पिक्चर दोघांनी पाहिला. मग गोष्ट दोन कशा झाल्या?’ आणि तिथून त्या शिवधनुष्यावर आल्या. गावातल्या रामकथेत रावण स्वयंवराला येतो आणि धनुष्य उचलायला जाऊन त्याखाली सापडतो. हे मुलांपैकी काहींनी सप्त्यात ऐकलं होतं. वाल्मीकी रामायणात रावणाचा हा प्रसंगच नाही. तिथं धनुष्य आठ चाकांच्या लोखंडी पेटीत आहे आणि ती पेटी ओढायला पाच हजार माणसं लागतात. राम ते उचलतो तेव्हा रावण आसपासही नसतो. ‘मग आमचे आजोबा खोटं सांगतेत का?’ एका मुलीनं विचारलं. या वर्गात तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मॅडम म्हणाल्या, ‘नाही गं. त्यांच्या रामकथेत ते आहेच. कोणीतरी ते घातलं. का घातलं असेल, ते आपण शोधू.’

पुढच्या तासाला हातोड्याचीही तीच तपासणी झाली. स्नोरीच्या कथांत हातोडा उचलायला लायकी लागत नाही. तो बुटक्या कारागिरांनी घडवलेला आहे, आणि लोकीनं माशी होऊन कारागिराला चावून व्यत्यय आणल्यामुळे त्याचा दांडा आखूड राहिलाय, एवढंच. ‘जो लायक असेल त्यालाच उचलेल’ ही अट अलीकडच्या चित्रकथावाल्यांनी घातली. मुलांना कळलं की गावातल्या कथेकऱ्यानं रावणाला धनुष्याखाली घातलं आणि अमेरिकेतल्या लेखकानं हातोड्याला अट घातली, ही दोन कामं एकाच जातीची आहेत. दोघांनाही वजन मोजायचं नव्हतं, माणूस मोजायचा होता.

त्या दिवसापासून प्रोजेक्टर लावला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. पडद्यावर प्रसंग दिसत असला की मुलं बघतात, आणि बघून झालं की त्यांचं काम संपतं. प्रसंग सांगायचा असला की निवड करावी लागते : काय घ्यायचं, काय गाळायचं, कुठे थांबायचं. कीर्तनकार हेच करतो. शिवाय ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगणारा खुलासा करतो, त्यामुळे न पाहिलेले वर्गाबाहेर राहत नाहीत.

फळ्यावरचे जोड्यांचे रकानेही गेले. त्यांच्या जागी प्रश्न आले : शक्ती कुठून आली? तिला अट काय होती? तिची किंमत कोणी मोजली? आणि ही गोष्ट कोण सांगतंय? या प्रश्नांनी पुराणकथा उघडायला लागल्या. सिनेमात शक्ती अपघातानं, यंत्रानं किंवा जन्मानं येते. पुराणात ती बहुधा तपानं मागून घेतलेली असते आणि मागण्यातच खोट राहते. महिषासुरानं पुरुषाच्या हातून मरण नको असं मागितलं, कारण बाईच्या हातून मरण येईल हे त्याच्या मनातही आलं नाही. रावणानं देव-दानवांपासून अभय घेतलं, माणसापासून घेतलंच नाही, कारण माणूस त्याच्या खिजगणतीत नव्हता. ज्याला कमी लेखलं त्याच्याच हातून शेवट होतो, हे मुलांनी स्वतः काढलं. तुळजापूर आणि अंबाजोगाई दोन्ही त्यांच्या टप्प्यात असल्यानं महिषासुराचा तास मुलींनी ताब्यात घेतला, तो त्यांच्याकडेच राहिला.

मिश्र वर्गाचा फायदाही दिसला. सुपरमॅनची गोष्ट निघाली : जग बुडताना आई-बापांनी बाळाला यानात घालून सोडलं, दुसऱ्यांनी वाढवलं. १९३८ साली ही गोष्ट रचणारे दोघे तरुण परदेशातून अमेरिकेत येऊन राहिलेल्या ज्यू घरांतले होते, हे मॅडमनी सांगितलं. मुलांनी लगेच कर्ण आठवला. त्याची पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत आणि शेवटी गंगेत जाते. तेवढ्यात एक मुस्लिम मुलगी म्हणाली, ‘मूसा अलैहिस्सलामला पण अम्मीनं पेटीत घालून नदीत सोडलं होतं.’ आणि पुढे : फिरऔनच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, घरी बाळ कोणाचंच दूध पीत नव्हतं, तेव्हा दूध पाजायला त्याच्याच आईला बोलावलं. ‘कर्णाला नाही मिळालं ते,’ मागून कोणीतरी म्हणालं. तीन परंपरांमधली तीन बाळं फळ्यावर एकाशेजारी एक आली. कोण कोणासारखं, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. कोणाच्या आईला लेकरू परत मिळालं, यावर बोलणं चाललं.

दुसरं वळण : चिलयाचा प्रश्न

दिवाळीच्या थोडं आधी थॅनोस आला. तो येणारच होता. मुलांचा आवडता खलनायक, कारण तो वेडा नाही. त्याचं म्हणणं हिशेबाचं आहे : साधनं मोजकी, खाणारी तोंडं जास्त, म्हणून निम्मे संपवा. मराठवाड्यातल्या मुलाला हा हिशेब परका नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ही मुलं पहिली-दुसरीत होती. टँकरमागे घागर घेऊन पळाल्याचं त्यांना आठवत होतं. एका मुलानं विचारलं, पृथ्वीचा भार वाढला म्हणून ती ब्रह्मदेवाकडे गेली आणि मग भार उतरवायला अवतार झाला, असं भागवतात आहे. मग थॅनोस पण भारच उतरवतोय, तो वाईट कसा? चर्चा रंगली. भागवतातला भार माणसांच्या संख्येचा नाही, माजलेल्या राजांचा आहे, इथपर्यंत वर्ग आला. मग एक मुलगा म्हणाला, ‘टँकर यायचा तेव्हा पाणी कमी नव्हतं मॅडम. काहींच्या बोअरला होतं की.’ तास तिथं संपला.

पुढच्या आठवड्यात आजोबांबद्दल विचारणारी तीच मुलगी उठली. सिनेमात थॅनोसला एक मणी मिळवायला आपल्या लाडक्या मुलीला कड्यावरून ढकलावं लागतं. हा प्रसंग वर्गात सांगून झाला होता आणि सगळे त्याच्यावर चिडले होते. ती म्हणाली, ‘आमची आजी चिलयाचं कांडण म्हणती. श्रियाळ राजानं पण पोराला मारलंच की. मग त्याचा राग का येत नाही?’

ज्यांनी ही कथा ऐकलेली नाही त्यांच्यासाठी : शंकर अतिथी होऊन श्रियाळ-चांगुणेच्या दारी येतो आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या, चिलयाच्या, मांसाचं भोजन मागतो. वर अट अशी की मुलाचं शिर आईनं उखळात कांडावं, डोळ्यांत पाणी न आणता, गात. ते ताट वाढल्यावर अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो. श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृतात ही कथा आहे, आणि कांडताना म्हणायच्या बायकांच्या गाण्यांतही, म्हणजे कांडणांतही, आहे.

मॅडम गांगरल्या नाहीत. त्यांनी प्रश्न टाळला नाही आणि उत्तरही दिलं नाही. वर्गाला फरक शोधायला लावले. थॅनोसला काहीतरी मिळवायचं होतं, श्रियाळाला काही नको होतं. थॅनोसच्या मुलीला कोणी विचारलं नाही, चिलयाला विचारलं होतं, तो तयार झाला. यावर एक मुलगा म्हणाला, ‘एवढ्याशा पोराला विचारणं म्हणजे काय विचारणं?’ कोणी म्हणालं, शेवटी चिलया परत येतो. ‘पण कांडताना आईला ते माहीत नव्हतं,’ मुलगी म्हणाली. घरी जाऊन आजीलाही तिनं हेच विचारलं, आणि ते आजोबांच्या कानावर गेलं.

पालकांचे आक्षेप

आजोबा दुसऱ्या दिवशी शाळेत आले. गळ्यात माळ, गावच्या सप्त्याची जबाबदारी सांभाळणारे, बोलायला सौम्य. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते मॅडमना म्हणाले, ‘बाई, लेकरं प्रश्न विचारायलेत ते चांगलं हाय. पण महादेवाचं नाव आन त्या राक्षसाचं नाव एका फळ्यावर, एका ओळीत? देवाला पिक्चरमधला हिरो करायलात का तुम्ही?’

त्याच आठवड्यात दुसरा आक्षेप आला, अगदी वेगळ्या बाजूनं. एका बौद्ध मुलाचे वडील आले. ते म्हणाले, ‘आम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाळणारी माणसं. मला एवढंच सांगा, माझ्या लेकराला हे खरं म्हणून शिकवायलात की गोष्ट म्हणून?’

मुख्याध्यापकांना वाटलं, आता दोन्हीकडून ताण, तास बंदच करू. माझं मत उलट होतं. दोन्ही माणसं नेमका प्रश्न घेऊन आली होती. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येतं, तास बंद करणं हे उत्तर झालं नसतं. कायद्याची बाजूही पाहिली. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला बसण्याची सक्ती करता येत नाही, अज्ञान मुलासाठी पालकांची संमती लागते. धर्मांविषयी अभ्यास म्हणून शिकवणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं आहे. पण सीमारेषा कागदावर असून भागत नाही, वर्गात दिसावी लागते.

मॅडमनी दोन गोष्टी केल्या. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकानं लिहायचं : ‘या तासाला आपण गोष्टी अभ्यासतो. कोणाची श्रद्धा तपासत नाही, कोणावर लादत नाही.’ आणि बोलताना ‘असं झालं’ ऐवजी ‘असं सांगतात’ म्हणायचं, मग गोष्ट कुठल्याही घरची असो. त्या वडिलांचं यावर समाधान झालं. बळीच्या गोष्टीच्या वेळी त्यांचाच मुलगा पुढे आला. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकात बळीकडे शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून आणि वामनाकडे कपटी म्हणून पाहिलंय, हे त्यानं वर्गात मांडलं. वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ घरोघरी ऐकलेलं होतंच. ‘गोष्ट कोण सांगतंय’ हा फळ्यावरचा शेवटचा प्रश्न त्या दिवशी खऱ्या अर्थानं कामाला आला.

आजोबांना मॅडमनी सांगितलं की देवाची आणि सिनेमातल्या पात्राची जोडी लावणं आम्ही केव्हाच सोडलंय, चिलयाच्या तासालाही फळ्यावर फक्त प्रश्न होते. आणि विनंती केली की आजींनी वर्गात येऊन कांडण म्हणावं. आजोबांनी विचार करायला वेळ घेतला. आजी आल्या, शेजारच्या एका बाईला सोबत घेऊन. दोघींनी म्हटलं. पोथीत कथा श्रियाळाच्या सत्त्वाची आहे, आजींच्या तोंडून ती चांगुणेची झाली. एका ठिकाणी त्या थांबल्या आणि गाणं सोडून साध्या आवाजात म्हणाल्या, ‘इथं ती रडत नाही असं म्हणत्यात. पण कांडणाऱ्या बाईला इचारा.’ त्या नातीच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आलं नसतं.

आजोबा मात्र पूर्ण पटले नाहीत. सिनेमा शाळेत यायलाच नको, हे त्यांचं मत शेवटपर्यंत कायम राहिलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आणखी एका घरानं लेखी असंमती दिली. तो मुलगा त्या तासाला ग्रंथालयात बसायचा. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं, पण वर्गाबाहेर बसलेला एक मुलगा दर आठवड्याला दिसणं मॅडमना सोपं गेलं नाही.

निष्पत्ती

दुसऱ्या सत्रात अभंगातला ‘अजामिळ’ आला तेव्हा चार-पाच मुलांनी गोष्ट आधीच घरून आणली होती. मेळ न बसणाऱ्या दोन आवृत्त्या आल्या आणि त्यावर अर्धा तास गेला. मुलींचं बोलणं वाढलं. वेरूळच्या सहलीत, आठव्या शतकातल्या कैलास लेण्यात, रावण कैलास हलवतो त्या शिल्पासमोर मुलं थांबली. वर पार्वती घाबरून शंकराला धरतेय, शंकर पायाच्या अंगठ्यानं डोंगर दाबतोय, खाली रावण अडकलाय. गाइड पुढे गेला तरी एक मुलगा सोबत्यांना सांगत होता की हा पुढे इथंच अडकून स्तुती गातो आणि त्याला वर मिळतो. ‘आपल्याकडं व्हिलनला पण वर भेटतो.’

लेखनात फरक पडला, पण सगळ्यांच्या नाही. ज्यांना मुळात वाचायला जड जात होतं त्यांनी तोंडी फार सुंदर सांगितलं आणि लेखी परीक्षेत पुन्हा दोन ओळी लिहिल्या. तोंडी सांगण्याला गुण द्यायची सोय मॅडमनी अंतर्गत मूल्यमापनात थोडी केली, ती पुरेशी नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीची वेळ. गणपतीनंतर सुरू झालेला तास दिवाळीपर्यंत जेमतेम रुळला, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या घरांतली मुलं निघून गेली. बोअरच्या पाण्याबद्दल बोललेला मुलगा त्यांच्यातलाच. चिलयाच्या तासाला तो होता, बळीच्या तासाला नव्हता. हा उपक्रम मराठवाड्यात करायचा तर जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या करावा, आणि मागे आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांकडे कथा गोळा करायचं काम द्यावं.

पालकांना आधी बोलवायला हवं होतं. आक्षेप आल्यावर वहीत लिहिलेलं ते वाक्य पहिल्या दिवशी लिहिलं असतं आणि पालकसभेत वाचून दाखवलं असतं, तर कदाचित ग्रंथालयात बसलेला मुलगा वर्गात असता. माझ्या मते ही या प्रकरणातली सगळ्यात महाग पडलेली उणीव.

सिनेमापासून सुरुवात करावी की घरच्या कथेपासून, यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. मॅडम म्हणतात, सिनेमा नसता तर मुलगे बोललेच नसते. मला वाटतं, कांडणापासून सुरुवात केली असती तर मुली पहिल्या दिवसापासून बोलल्या असत्या आणि मुलगे थॅनोसला घेऊन आपणहून आले असते. यंदा त्या शाळेत नववीच्या दोन तुकड्या आहेत. एका तुकडीत त्या सिनेमानं सुरुवात करणार आहेत, दुसरीत आजींना जुलैतच बोलावणार आहेत.